कोणता भोपळा चांगला?

यंदाच्या मालेसाठी विषय विचारायला चिटणीस आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलू अशी त्यांची समजूत होती. ‘भोपळ्याचे वाण’ असे आम्ही सांगितल्यावर त्यांना क्षणभर थट्टाच वाटली. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या भाषेत भोपळ्याला प्रतिष्ठा अशी फारशी नाहीच. परीक्षेत शून्य मिळाले की भोपळा मिळाला म्हणतात. दोघांचे पटत नसले की विळ्याभोपळ्याचे सख्य म्हणतात. आम्ही तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आलो. शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे काय ते रात्री, हाती येईल त्या पुस्तकावर. तेव्हा शेतीशास्त्रातले अधिकारी म्हणून आम्ही येथे बोलत नाही. आमच्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीने आम्हाला हा विषय शिकायला लावला. ती चूक आधी सांगतो.

आमच्या गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना २०१८ साली बंद पडला. देणी हाती यायला वर्ष लागले. ती आल्यावर सात जणांनी मिळून नदीकाठची एक एकर जमीन खंडाने घेतली. भोपळा लावावा असे त्यांच्या मनात होते, कारण भोपळा टिकतो. भाव पडला म्हणून दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर टाकावा लागत नाही. दुकानातून त्यांनी दोन-तीन वाणांची पाकिटे आणली आणि आमच्यापुढे ठेवली. “भाऊ, तुम्ही करारातले बारीक अक्षर वाचता. यातले कोणते लावावे ते तुम्हीच सांगा.” एका पाकिटावर सर्वांत मोठा आकडा होता आणि शेजारी ‘रोगप्रतिकारक’ असा शब्द होता. आम्ही म्हणालो, हेच लावा, सगळे रान याचेच करा.

जानेवारीअखेर बी टोकले. मार्चमध्ये ऊन तापले तशा पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या. मग पाने चितकबरी झाली, शेंडे आखडले. फळे धरली ती थोडी, आणि त्यातलीही पुष्कळशी वाकडी नि गाठाळ. आडत्याने गाडी पाहिली आणि निम्मा माल उतरवूच दिला नाही. तालुक्याच्या शेतकी अधिकाऱ्याने सांगितले, हा विषाणूचा मोझॅक. “पण पाकिटावर तर रोगप्रतिकारक लिहिले होते!” असे आम्ही म्हणालो. तेव्हा त्यांनी पाकीट मागितले. सातांपैकी एकाच्या घरी एक पाकीट सापडले, त्यात मुलाने गोट्या ठेवल्या होत्या. पाठीमागे बारीक इंग्रजी अक्षरांत खुलासा होता की हा प्रतिकार भुरी रोगापुरता आहे. मोझॅकचे नावही नव्हते. दुकानाची पावती मागितली, तर ती कोणाकडेच नव्हती. पगाराची पावती जपून ठेवा असे आम्ही ज्या लोकांना वर्षानुवर्षे सांगत आलो, त्यांना बियाण्याची पावती ठेवा असे सांगायचे मात्र आम्हाला सुचले नव्हते.

त्या वेळी आम्ही मनाशी जो प्रश्न विचारला, तोच या लेखाचा विषय. भोपळ्याच्या दोन वाणांची तुलना करायची म्हणजे नेमके काय करायचे?

पहिल्याने हे लक्षात घेतले पाहिजे की आपण ज्याला तांबडा भोपळा, डांगर किंवा काशीफळ म्हणतो तो एकाच जातीचा नसतो. भोपळ्याचे हे घराणे मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या एका गुहेत याच घराण्यातल्या, लागवडीखाली आलेल्या जातीच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. १४९२ नंतर समुद्रमार्ग खुले झाले आणि मिरची, बटाटा यांच्याप्रमाणे हेही फळ आपल्याकडे आले. आज आपल्या शेतात यातल्या मुख्यतः दोन जाती दिसतात. एक मोस्काटा, हिचा देठ कठीण, पंचकोनी आणि फळाला टेकतो तेथे पसरट झालेला. दुसरी मॅक्झिमा, हिचा देठ गोल, मऊ, बुचासारखा. आपला नेहमीचा डांगर बहुधा मोस्काटा असतो. देठ पाहून जात ओळखणे बाजारातही जमते, आणि त्याचा उपयोग पुढे सांगणार आहोत.

आता उताऱ्याकडे वळू. निरनिराळ्या संशोधन संस्थांनी आपापल्या वाणांची वर्णने प्रसिद्ध केली आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा विश्वास’ हेक्टरी सुमारे ४० टन देतो, फळ पाचेक किलोचे, मुदत १२० दिवस. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का चंदन’ १२५ दिवसांत ३३ टन देतो, फळ दोन-तीन किलोचे. त्याच संस्थेचा ‘अर्का सूर्यमुखी’ मॅक्झिमा जातीचा. फळ एक ते दीड किलोचे, उतारा १०० दिवसांत ३६ टन. कोइम्बतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाचा ‘को १’ सात-आठ किलोचे फळ देतो, उतारा सुमारे ३० टन, पण मुदत १७५ दिवस. शहरवासीयांना हेक्टराची कल्पना येत नसेल तर एक सोपा हिशेब सांगतो. हेक्टरी टनांच्या आकड्याला दहाने गुणले की साधारणपणे दर गुंठ्याचे किलो मिळतात. म्हणजे ४० टन हा उतारा गुंठ्याला चारशे किलोच्या आसपास झाला.

या आकड्यांत पुसा विश्वास पहिला दिसतो. पण आम्हा संघटनेच्या लोकांना एक खोड असते. कोणी म्हणाला अमक्याला इतका पगार आहे, की आम्ही विचारतो, किती तासांचा? तोच प्रश्न येथे विचारून पाहा. पुसा विश्वासचे ४० टन १२० दिवसांचे, म्हणजे हेक्टरी दिवसाला ३३३ किलो. अर्का सूर्यमुखीचे ३६ टन १०० दिवसांचे, म्हणजे दिवसाला ३६० किलो. अर्का चंदनचे २६४ किलो. को १ चे १७१. क्रम बदलला. ज्याची जमीन खंडाची आहे आणि भोपळा निघाल्यावर ज्याला त्याच रानात दुसरे पीक घ्यायचे आहे, त्याने दिवसांचा हिशेब केलाच पाहिजे. ज्याची बांधावरची जागा एरवी रिकामीच राहते, त्याला दिवसांचे एवढे महत्त्व नाही.

तथापि येथेच थांबलो तर दुसरी चूक होईल. हे आकडे निरनिराळ्या ठिकाणचे, निरनिराळ्या मातीतले, निरनिराळ्या वर्षांतले आहेत. मुंबईतला पगार आणि लातुरातला पगार घरभाडे न पाहता शेजारी शेजारी मांडावा, तसे हे आहे. संस्थेने दिलेला आकडा खोटा नसतो. तिच्या रानात, तिच्या खतापाण्यावर तो खराच असतो. आपल्या रानात कोणता वाण सरस हे मात्र तो सांगत नाही. ते पाहायचे तर सगळे वाण एकाच रानात, एकाच दिवशी लावून पाहिले पाहिजेत.

हे आम्ही कोठे शिकलो त्याची गंमत आहे. रद्दीच्या दुकानात एक जुने इंग्रजी पुस्तक मिळाले, ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’. लेखक पानसे आणि सुखात्मे, पहिली आवृत्ती १९५४ सालची. शेतमजुरांच्या मजुरीची आकडेवारी असेल असे समजून आम्ही ते उचलले. घरी येऊन उघडले तर मजुरीचे नावही नाही. ‘वर्कर्स’ म्हणजे शेतीत प्रयोग करणारे लोक! यातले पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. गणित आमच्या डोक्यावरून गेले, पण मुख्य मुद्दा कळला, आणि तो कोणालाही कळण्याजोगा आहे.

रान कधीही सारखे नसते. विहिरीकडची बाजू ओली, बांधाकडची सावलीत, मधला पट्टा मुरमाड. एक वाण विहिरीकडे लावला आणि दुसरा मुरमावर, तर तुलना वाणांची होत नाही, जागांची होते. म्हणून प्रत्येक वाण एकाच ठिकाणी न लावता चार-चार ठिकाणी लावायचा, आणि कोणता वाण कोठे जाईल हे आपल्या मर्जीने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात ही पद्धत शास्त्रशुद्ध बसवली. चिठ्ठ्या कशासाठी? माणूस कितीही प्रामाणिक असला तरी आवडत्या वाणाला चांगली जागा नकळत देतोच. हे आम्ही पाळीच्या वाटपात अनेकदा पाहिले आहे.

नुकसान झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्याच एकरात आम्ही ते केले. सातांपैकी पाच जण उरले होते. दोघांनी नाद सोडला, त्यांना दोष देता येत नाही. चार वाण, प्रत्येकी चार ठिकाणी, मिळून दोन-दोन गुंठ्यांचे सोळा तुकडे. राहिलेली जागा वाटांना. त्या चारांत एक गावठी डांगर मुद्दाम ठेवला. नवीन वाण चांगला की वाईट हे कशाच्या तुलनेत, याचे उत्तर आपल्याजवळ असावे म्हणून जुना वाण शेजारी लागतोच. भोपळ्याच्या बाबतीत एक अडचण निराळी आहे. वेल आपल्या हद्दीत राहत नाही. म्हणून तुकड्यांच्या मध्ये मोकळी वाट सोडली आणि प्रत्येक वाणाच्या वेलाला वेगळ्या रंगाची सुतळी बांधली, नाहीतर शेजाऱ्याचे फळ आपल्या नावावर जमा व्हायचे.

वजन दोनदा घेतले. एकदा सगळ्या फळांचे आणि एकदा फक्त विकण्याजोग्या फळांचे. या दोन आकड्यांत किती फरक पडतो हे पाहून आमचे डोळे उघडले. एकूण वजनात जो वाण पहिला आला तो विकण्याजोग्या मालात पहिला राहिला नाही. गावठी डांगर एकूण वजनात शेवटचा होता, पण महिनाभर पडवीत ठेवल्यावर सर्वांत कमी नासलेला तोच. आमचे आकडे आम्ही येथे मुद्दामच देत नाही. एका एकराचा एका उन्हाळ्याचा निकाल दुसऱ्याला कायदा म्हणून सांगणे म्हणजे पाकिटाचीच चूक पुन्हा करणे होय.

आता गुणाचा विचार. वजन आणि गुण यांचे नेहमीच जमते असे नाही. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने ‘अटलांटिक जायंट’ नावाचा वाण तयार केला. त्याच वंशातला एक भोपळा २०२३ साली अमेरिकेतल्या स्पर्धेत २,७४९ पौंड, म्हणजे सुमारे १,२४७ किलो भरला. एका फळाचे वजन सव्वा टन! पण हा भोपळा प्रदर्शनाचा. त्याचा गर पाणचट आणि रेषाळ, खाण्याच्या दृष्टीने त्याला कोणी विचारीत नाही. घारगे करणाऱ्या बाईला विचारा. किसलेला भोपळा गुळाबरोबर शिजवताना पाणी सुटत राहिले तर पीठ वाढवत जावे लागते आणि चव जाते. तिला हवा असतो घट्ट, गोड आणि गडद नारिंगी गर. तो नारिंगी रंग कॅरोटिनचा. त्याचे शरीरात जीवनसत्त्व ‘अ’ होते, म्हणून रंग ही नुसती शोभा नव्हे.

फळाचा आकार हाही गुणच, पण गिऱ्हाइकागणिक वेगळा. खानावळवाल्याला मोठे फळ परवडते. सोलण्याची मजुरी कमी लागते. दोन खोल्यांत राहणाऱ्या चार माणसांच्या कुटुंबाला आठ किलोचा भोपळा काय करायचा? मंडईत तो फोडी करून विकतात आणि एकदा कापला की लवकर नासतो. दीड-दोन किलोचे फळ अख्खे घरी येते. अख्खा, पुरता पिकलेला भोपळा कोरड्या, वारा खेळणाऱ्या जागी महिनेच्या महिने राहतो. पिकल्याची खूण अशी की देठ वाळलेला असतो आणि सालीत नख शिरत नाही. काढताना देठ फळाला ठेवून कापावा. देठ मुळातून उपटला की तेथूनच कूज आत शिरते.

राहिला रोगाचा प्रश्न, ज्याने आम्हाला बुडवले. ‘रोगप्रतिकारक’ हा शब्द एकटा उच्चारला तर त्याला अर्थ नाही. कोणत्या रोगाला, हे सांगितल्यावाचून तो पुरा होत नाही. भुरी ही बुरशी. दिवसा कोरडी ऊब असली तरी तिचे चालते, आणि पानावर पिठासारखा थर येतो. केवडा हीही बुरशीसारखीच कीड-जात, पण तिला ओल हवी; पावसाळी दमट हवेत पानावर शिरांनी आखलेले कोनाकोनाचे पिवळे डाग पडतात. मोझॅक हा विषाणूचा. तो एका वेलावरून दुसऱ्यावर नेतात मावा आणि पांढरी माशी. शिरा पिवळ्या करणारा मोझॅक पांढऱ्या माशीचा. घोटाळा असा की मुगावरच्या पिवळ्या मोझॅकलाही कोठे कोठे केवडाच म्हणतात. दुकानदाराने ‘केवड्याला चालतो’ असे सांगितले, तर कोणता केवडा हे विचारून घ्यावे.

हे तीन शत्रू वेगळे, तसे त्यांना अडवणारे वेलाचे गुणही वेगळे. अर्का सूर्यमुखी फळमाशीला दाद देत नाही असे त्याच्या वर्णनात आहे; म्हणून तो मोझॅकलाही दाद देणार नाही असे मानता येत नाही. शिवाय प्रतिकार आणि सोसण्याची ताकद यांत फरक आहे. एका वेलाला रोग शिरूच देत नाही. दुसरा रोग अंगावर घेऊनही फळे देतो. दुसऱ्याचा उपयोग आहेच, पण तो शेजारच्या रानाला रोग पुरवत राहतो. रोग केव्हा आला याचाही हिशेब ठेवावा. चार पानांवर असताना मोझॅक आला तर वेल गेलाच. फळे भरत आल्यावर आला तर नुकसान थोडे.

एक लहान सूचना. मोस्काटा जातीच्या पुष्कळ वाणांच्या पानांवर शिरांच्या सांध्यांत पांढरे ठिपके जन्मतःच असतात. पुसा विश्वासचीही ती खूण आहे. त्याला भुरी समजून लोक फवारे मारतात. अंगठ्याने पुसून पाहावे. पीठ हाताला लागले तर भुरी, नाहीतर ते पानाचे रूप.

मग सगळे गुण एकाच वाणात का आणीत नाहीत, असे कोणीही विचारील. प्रयत्न चालूच असतात, पण हे गुण एका घरी नांदत नाहीत. नायजेरियातल्या एका गावठी मोस्काटा वाणात मोझॅकच्या काही विषाणूंना अडवण्याची ताकद सापडली. भुरीला अडवणारा गुण तर अमेरिकेतल्या एका रानटी जातीतून आणावा लागला. रानटी जातीची फळे लहान आणि कडू विषासारखी. तिचा संकर करून पुन्हा पुन्हा चांगल्या वाणाशी जुळवणी करायची, दर पिढीला रोगाची परीक्षा घ्यायची आणि कडूपणा मागे टाकायचा, यात वर्षे जातात. म्हणजे ज्या गावठी नि रानटी जातींचा उतारा पाहून आपण नाक मुरडतो, उद्याचा प्रतिकार त्यांच्याच पोटात असतो. त्या शेतातून नाहीशा झाल्या तर पैसे देऊनही परत मिळणार नाहीत.

गावठी बी राखणे कठीण नाही. मादी फुलाला पाकळ्यांखाली इवलेसे फळ असते. उद्या उमलणारी मादी आणि नर फुले संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवावीत, सकाळी नर फुलाचा पराग मादी फुलाला लावावा आणि मादी फूल पुन्हा बांधावे, म्हणजे मधमाशी दुसऱ्या वाणाचा पराग आणीत नाही. मोस्काटा आणि मॅक्झिमा यांचा संकर सहसा साधत नाही. देठ ओळखायला शिकण्याचा उपयोग तो हा. संकरित वाणाचे बी मात्र राखून उपयोग नाही. पुढच्या पिढीत गुण विखुरतात.

शेवटी कायद्याविषयी दोन शब्द. ते आमच्या धंद्याचेच आहेत. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क यांचा कायदा २००१ साली झाला. त्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि छापाचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. त्याच कलमात असेही आहे की नोंदणी झालेल्या वाणाचे बी विकताना, दिलेल्या परिस्थितीत त्याकडून काय अपेक्षा ठेवावी हे पैदासकाराने शेतकऱ्याला सांगितले पाहिजे. आणि त्या परिस्थितीत ते उतरले नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. बियाण्याबाबत शेतकरी हाही ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले.

‘दिलेल्या परिस्थितीत’ हे दोन शब्द आमच्या मते भोपळ्याच्या सगळ्या तुलनेचे सार आहेत. कोणता भोपळा चांगला, या प्रश्नाला उत्तर नाही. कोणत्या हंगामात, कोणत्या रानात, किती दिवसांत, कोणाच्या ताटासाठी आणि कोणत्या रोगापुढे, एवढे जोडले की त्याच प्रश्नाला चांगले उत्तर मिळते. म्हणून बी घेताना पावती घ्यावी, पाकीट जपून ठेवावे, मूठभर बी शिल्लक ठेवावे. पहिल्याच वर्षी सगळे रान एका वाणाखाली घालू नये. दोन वाण तरी शेजारी लावावेत, आणि त्यांतला एक आपला जुना असावा.

आमचे ते पाच जण अजून भोपळा लावतात. श्रीमंत कोणी झाले नाही, पण खंड वेळेवर जातो. बी घ्यायला आता ते आम्हाला विचारीत नाहीत. दुकानदाराला विचारतात, “प्रतिकारक म्हणजे कोणत्या रोगाला?” आणि उत्तर पावतीवर लिहून घेतात.